एका गोळीचा माणूस

सॅडल टिकल, न्यूफाउंडलंड
१४ जून १९७६

प्रिय ड्रुसी,

तुझं ईस्टरचं कार्ड एप्रिलात आलं आणि मी उत्तर जूनमध्ये देतोय. माझ्या मानाने हे तातडीचंच म्हणायचं. यंदा हिमनग उशिरापर्यंत रेंगाळले. परवा एक आपल्या खाडीच्या तोंडाशी येऊन रुतला. वरून पांढरा, चिरांमध्ये निळा, आणि दिवसभर पोटातल्या पोटात कुरकुरणारा. मासे साफ करायचे सोडून मी धक्क्यावर त्याच्याकडे बघत बसलो. शाळेच्या खिडकीतून असाच एक दिसायचा, आणि मिस टिझार्ड छडीने बाकावर ताल धरून आपल्याकडून म्हणून घ्यायच्या:

थांब नाविका, वारा फिरला,
दीप किनारी एकच उरला...

पुढचं काही केल्या आठवेना. तुला येत असेल तर लिहून पाठव. रात्रीची झोप त्या दोन ओळींवर अडकली आहे.

झोप आणखी एका गोष्टीवर अडकली आहे, ती आता सांगूनच टाकतो. यंदापासून मूस हरणाच्या शिकारीचा परवाना हवा असेल तर आधी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. शंभर यार्डांवर पाच गोळ्या, लागोपाठ. त्यातल्या चार जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात बसल्या पाहिजेत. वर्षाला दोनच संधी. मी म्हटलं, हे तर होडी बांधणाऱ्याला खिळा ठोकून दाखव म्हणण्यासारखं झालं. छाती काढून गेलो. पहिली गोळी अगदी मधोमध. दुसरी वर्तुळाच्या काठावर. बाकीच्या तिन्ही बाहेर.

आपला गारलंड मागे उभाच होता. आपल्या धाकट्या भावाचा मुलगा खरा, पण जीभ कुठून आणली देव जाणे.

"काका, डोळे तपासून घ्या एकदा."

"डोळ्यांना काय धाड भरली आहे? त्या बेटावरची पाखरं मोजून दाखवू?"

"मग हात गेले असतील. जाऊ द्या हो. यंदा तुम्ही तंबूपाशी बसून चहाचं भांडं सांभाळा, मूस आम्ही आणतो."

सगळे हसले. मीही हसलो, अशा वेळी हसायचंच असतं. घरी येऊन रायफल खुंटीला लावली आणि तिच्याकडे पाठ करून बसलो. तीच ती, युद्धानंतर सैन्याने मोडीत काढलेली तीनशेतीन, बावन्न साली टपालाने मागवलेली. पुढचं लाकूड कापून मीच तिला शिकारीजोगती आखूड केली. बिचारीला दोष देववत नाही. दुसरी संधी अठरा सप्टेंबरला आहे. तीही गेली तर यंदाचा परवाना गेला, आणि एकदा चहाच्या भांड्यापाशी बसलेल्या म्हाताऱ्याला पुढच्या वर्षी कोणी उठवत नाही.

तू युद्धाच्या काळात बिस्किटांच्या कारखान्यात होतीस, तुला यातलं काय कळणार म्हणा. पण कोणाला तरी सांगावंसं वाटलं.

तुझा दादा,
हेबर

हॅमिल्टन, ओन्टारियो
२७ जून

प्रिय दादा,

जळावरी ती रेघ तयाची,
वाट तुझी ती निजगेहाची.

झालं? आता झोप, आणि उठलास की नीट वाच.

बिस्किटं नव्हती. रायफली होत्या. एकेचाळीस ते पंचेचाळीस मी सैन्याच्या रायफली घडवणाऱ्या कारखान्यात होते. पहिलं वर्ष लाकडी दस्ते बसवण्यात गेलं. पुढची तीन वर्षं मी तयार झालेल्या रायफली झाडून बघायचे आणि पास-नापास ठरवायचे. बाबांना मी खरं लिहिलं होतं. त्यांनी उलट लिहिलं, "पोरी, प्रार्थनेनंतर लोक विचारतात, मुलगी बंदुका बनवते म्हणायला जीभ रेटत नाही, मी बिस्किटं म्हणून सांगितलंय, आता तूही तेच सांग." सांगितलं. मग सवय झाली.

तेव्हा ऐक. तू आयुष्यात जेवढ्या गोळ्या झाडल्यास तेवढ्या मी एका आठवड्यात झाडायचे, आणि तुझ्याच जातीच्या रायफलीतून. डोळे आणि हात यांच्याबद्दल गारलंडला काही कळत नाही, आणि तुलाही नाही. आधी बंदुकीला विचारायचं, मग माणसाला.

दस्त्याचे स्क्रू घट्ट आहेत का बघ. पुढचा आधी आवळ, मग मागचा. नळीच्या तोंडाची कड बोटाने नाही, कापसाने चाचप. कापूस अडकला तर तिथे खरचटलं आहे. काडतुसं सगळी एकाच खोक्यातली घे. तू जुनी-नवी मिसळून वापरत असशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. मग वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकव, म्हणजे तुझा हात खटल्यातून बाहेर. पाच गोळ्या लागोपाठ झाड. दुर्बीण घेऊन कोणाला तरी बाजूला बसव आणि कुठलं भोक कितव्या गोळीचं ते लिहायला सांग. तो कागद जसाच्या तसा गिरवून मला पाठव.

आणि कविता नको. आकडे.

ड्रुसी

सॅडल टिकल
११ जुलै

प्रिय ड्रुसी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा उभं राहून. पस्तीस वर्षं! पस्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की माझी बहीण युद्धात सैनिकांसाठी बिस्किटं भाजत होती, आणि दुकानात बिस्किटाचा डबा दिसला की मला उगाच तुझी आठवण यायची. सहा दिवस मी हे कोणाला बोललो नाही. सातव्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. दुकानात, धक्क्यावर, प्रार्थनेनंतर चर्चच्या पायरीवर. ज्या पायरीवर बाबांनी बिस्किटं सांगितली होती त्याच पायरीवर. गारलंड म्हणाला, "आत्या रायफली पास करायची? आमची ड्रुसी आत्या? मागच्या खेपेला ती माझ्या बायकोला लोणच्याची कृती सांगत होती!" मी म्हटलं, "तीही पास झालेलीच असणार."

एक वेडी आशा मनात आली. माझी रायफल तुझ्याच हातून गेलेली तर नसेल? आणीन म्हणतो भिंग, एखादी खूण दिसते का बघायला. गोष्टींमध्ये असं घडतं.

बरं, आकडे. स्क्रू घट्ट होते, तरी तुझ्या क्रमाने पुन्हा आवळले. कापूस कुठेही अडकला नाही. काडतुसांबद्दल तुझा तर्क खरा निघाला, त्यावर अधिक बोलणार नाही. नवं खोकं आणलं. वाळूच्या पिशव्या मांडून पालथा झोपलो. गारलंडच दुर्बीण घेऊन बसला, सुरुवातीला हसत, नंतर एकेक भोक नीट लिहून घेत. कागद कॅलेंडरच्या पाठीवर गिरवून सोबत जोडला आहे.

तू रागावशील, पण एक सांगतोच. तो कागद भिंतीला लावून मी कितीतरी वेळ बघत राहिलो. पहिलं भोक मधोमध, आणि तिथून पुढची चार उजवीकडे वर वर चढत गेलेली, एकामागे एक. शरदात रानहंसांची रांग खाडीवरून निघते ना, अगदी तशी. वाईट नेमबाजीही इतकी सुंदर असू शकते हे मला माहीत नव्हतं.

तुझा दादा

हॅमिल्टन
२३ जुलै

दादा,

भिंग राहू दे. टपालातून आलेल्या त्या गठ्ठ्यातल्या रायफली इंग्लंडमध्ये घडलेल्या होत्या, आमच्या नव्हेत. तेव्हा ती गोष्टींमधली गोष्ट गोष्टींमध्येच ठेव.

पण रानहंसांबद्दल मी तुला रागावणार नाही. तुझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा ते वाक्य कामाचं निघालं.

हात कापत असेल किंवा डोळा अधू असेल तर भोकं कशी पडतात सांगू? दगड मारल्यावर पाखरं उधळतात तशी, चहूकडे. तुझी उधळलेली नाहीत. ती रांगेने चालली आहेत, एकाच दिशेने. याचा अर्थ तू पाचही वेळा नेम तिथेच धरलास, नळी मात्र प्रत्येक गोळीनंतर थोडी थोडी दुसरीकडे बघायला लागली. म्हणजे ती तापते आहे, आणि तापली की तिला काहीतरी बाजूने ढकलतं आहे. थंड असते तेव्हा ती सरळ असते. म्हणून पहिली गोळी मधोमध.

म्हणून दोन प्रश्न. या पाकिटात पातळ कागदाची एक पट्टी ठेवली आहे. ती नळी आणि खालचं लाकूड यांच्यामध्ये पुढून घाल आणि मागे सरकव. कुठे अडते ते लिही. आणि दुसरा: शिकारीत एकाच जनावरावर दुसरी गोळी तू शेवटची कधी झाडलीस?

गारलंडला सांग, लोणचं हे अवघड काम आहे.

ड्रुसी

सॅडल टिकल
५ ऑगस्ट

प्रिय ड्रुसी,

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते देताना मान ताठ होते. दुसरी गोळी? या रायफलीने मी एकवीस मूस आणले आणि एकवीस गोळ्या झाडल्या. इथले लोक मला काय म्हणतात तुला ठाऊक नाही, तू लवकर गेलीस. "एका गोळीचा हेबर." दबकत जायचं, वारा तोंडावर ठेवायचा, जनावर आडवं होईपर्यंत थांबायचं. मी झाडाला टेकून तास तास थांबलो आहे, मनात शाळेतल्या सगळ्या कविता म्हणत. घाई करणाऱ्याला दुसरी गोळी झाडावी लागते.

आता पट्टी. पट्टी जातच नाही. जाणार कशी? तिथून हवासुद्धा जात नाही! हे मी तुला कधी लिहिलं नाही का? एकसष्टच्या वसंतात भूशिराला वळसा घालताना होडी भरली, रायफल अर्धा दिवस खाऱ्या पाण्यात लोळली. घरी आणून सुकवली आणि मनाशी म्हटलं, पुन्हा असं होणं नाही. मग नळी आणि लाकूड यांच्यामधली सगळी फट, या टोकापासून त्या टोकापर्यंत, डांबरात घोळलेल्या काथ्याने ठासून भरली, बारीक पाचर घेऊन, हलक्या हातोडीने, आणि वरून गरम डांबर ओतून सफाई केली. होडीच्या फळ्यांचा सांधा भरतो तशीच. एवढा नाजूक सांधा मी आयुष्यात भरला नसेल. बघायला लोक येत होते. मी एक्केचाळीस होड्या बांधल्या, ड्रुसी, एकीच्याही सांध्यातून थेंब आत आला नाही, आणि या बंदुकीतही पंधरा वर्षांत आलेला नाही.

तेव्हा त्या बाजूने तू निर्धास्त राहा. दोष दुसरीकडे असणार.

तुझा दादा

हॅमिल्टन
१४ ऑगस्ट

दादा,

दोष तिथेच आहे. काढून टाक तो काथ्या. सगळा.

नळी तापली की डांबर मऊ होतं, काथ्या फुगतो, आणि जिथे तू जास्त ठासला असशील तिथून तो नळीला ढकलतो. तू उजव्या हाताने ठोकतोस, डावी बाजू जास्त भरली असणार, म्हणून तुझे रानहंस उजवीकडे जातात. पंधरा वर्षं कळलं नाही, कारण तू कधी दुसरी गोळी झाडलीच नाहीस. थंड नळीची पहिली गोळी, आणि मूस खाली. तुझा दोष तुझ्या कौशल्याने झाकला. असा मूर्खपणा करायला माणूस फार चांगला शिकारी आणि फार चांगला होडीवाला, दोन्ही असावा लागतो.

होडीत पाणी येऊ द्यायचं नसतं. बंदुकीत आलं तर जाऊ द्यायचं असतं.

पुढच्या स्क्रूच्या पुढचं सगळं काढ. मागचं, जिथे लोखंड लाकडात बसलं आहे तिथलं, अजिबात हलवू नकोस. नळीभोवती माझी कागदाची पट्टी टोकापासून त्या स्क्रूपर्यंत न अडता सरकली पाहिजे. लाकडाला आतून जवसाचं तेल लाव. मग पुन्हा पाच गोळ्या. भोकं एकत्र आली पण बाजूला पडली, तर ज्या बाजूला पडली त्याच बाजूला नळीच्या टोकावरची नेमाची लोखंडी पट्टी किंचित सरकव.

ड्रुसी

हॅमिल्टन
५ सप्टेंबर

दादा,

तीन आठवडे झाले, पत्र नाही. टपालाची बोट बुडाल्याची बातमी नाही. म्हणजे तू रुसला आहेस, किंवा त्याहून वाईट, नळीवर ओलं फडकं गुंडाळून दोन गोळ्यांच्या मध्ये वारा घालतो आहेस. मी तुला ओळखते.

मूर्खपणा हा शब्द मागे घेत नाही. पण एक गोष्ट सांगते, जी मी कोणालाच सांगितलेली नाही.

त्रेचाळीसच्या हिवाळ्यात एक रायफल माझ्या टेबलावर आली. दस्त्याच्या आतल्या खोबणीत माझ्याच नावाचं अक्षर होतं, पेन्सिलने. मी दस्ते बसवायचे तेव्हा प्रत्येकीत लिहायचे. मागच्या वर्षीची, कुठेतरी मागे राहून गेलेली. माझ्या हाताने बसवलेली. मला इतका आनंद झाला की मी शेजारणीला बोलावलं. आणि मग मी ती झाडली. दादा, पाच भोकं, आणि मध्ये माझा तळहात मावेल एवढी जागा. पुन्हा झाडली. तेच. शेजारीण म्हणाली, "अगं, तुझीच आहे, एवढं काय, कोणाला कळणार?"

मी तिच्यावर नापासाचा शिक्का मारला. दुपारभर रडत होते, आणि संध्याकाळी ट्राममध्ये बसले तेव्हा मला कळलं की त्या कारखान्यात मला कशाचा अभिमान वाटावा असं काही असेल तर ते हेच. त्याआधी झाडलेल्या हजारांमध्ये काही नव्हतं.

एक्केचाळीस होड्यांच्या सांध्यांना कोणी हात लावत नाही आहे. हा बेचाळिसावा आहे. आणि तो होडीचा नाही.

अठरा तारीख जवळ आली.

तुझी ड्रुसी

सॅडल टिकल
१९ सप्टेंबर

प्रिय ड्रुसी,

हो, फडकं. ओलं फडकं, आणि जुन्या वृत्तपत्राचा पंखा. गारलंड वारा घालत होता आणि म्हणत होता, "काका, परीक्षेत तुमच्या बंदुकीला पंखा घालायला मी उभा राहू का, का नर्स मागवायची?" तुझ्या चौदा तारखेच्या पत्राला मी उत्तर लिहिलं होतं, दोन पानी, फार अलंकारिक, ते चुलीत घातलं. मी बांधलेला सांधा मी कधी उसवलेला नाही. माझ्या होड्या बुडाल्या त्याही सांधे शाबूत ठेवून बुडाल्या.

तुझं पाच तारखेचं पत्र तेरा तारखेला बोटीने आलं. वाचलं आणि जाळं विणायची सुई घेऊन ओट्यावर बसलो.

दोन दिवस लागले. हे तुला सांगायलाच हवं, कारण दुसऱ्या कोणाला त्याची किंमत कळणार नाही: तो काथ्या निघता निघत नव्हता. पंधरा वर्षांनंतरही आतला थर ताजा, वास येणारा, एकही तंतू कुजलेला नाही. प्रत्येक इंचाला मी स्वतःला शिव्या घालत होतो आणि प्रत्येक इंचाला मनात म्हणत होतो, वा रे हेबर! डाव्या बाजूला खरंच दुप्पट ठासलेला निघाला. सतराशे मैलांवरून तुला माझ्या उजव्या हाताची हातोडी ऐकू आली, ड्रुसी.

लाकडाला तेल पाजलं. तुझी पट्टी घातली. ती या टोकापासून स्क्रूपर्यंत शीळ घातल्यासारखी सरकली. सोळा तारखेला वाळूच्या पिशव्यांवर पाच गोळ्या. पाचही जवळजवळ, माझ्या मुठीखाली झाकतील अशा, पण वर्तुळाच्या डाव्या कडेला. नेमाची पट्टी डावीकडे केसभर सरकवली. पुन्हा पाच. मधोमध. गारलंड कागदापर्यंत चालत गेला आणि परत येताना टोपी काढून डोकं खाजवत होता. म्हणाला, "काका, माझीपण तिसऱ्या गोळीनंतर जरा वर जाते. आत्याला लिहून विचारा ना." तेव्हा तयारी ठेव. गारलंडची आहे, शेजारच्या लीअँडरची आहे, आणि त्या शाळामास्तरची एक आहे जिच्या नळीत मला वाटतं कोळी राहतो.

काल परीक्षा झाली. परवाना खात्याचे स्टकलेस साहेब वही घेऊन उभे. गावातले निम्मे लोक, आणि त्यातले निम्मे मला पडताना बघायला. या वेळी वाळूच्या पिशव्या नाहीत. गुडघा टेकून, हातांवर.

पहिली मधोमध. ती मला ठाऊकच होती, ती नेहमीच माझी होती.

दुसरी तिच्या शेजारी. इथे मागे कोणीतरी "अरे!" म्हणालं.

तिसरी. नळी तापली होती, डोळ्यांपुढे हवा हलताना दिसत होती, आणि तरीही ती सरळ बघत राहिली. चौथी काठाच्या आत, चांगली दोन बोटं.

पाचवी बाहेर गेली. चांगली वीतभर, डावीकडे खाली.

स्टकलेस साहेब म्हणाले, "स्कीपर हेबर, पास आहात तुम्ही. पण शेवटच्या वेळी वारा फिरला होता, मी पाहिलं. हवी तर ती मी धरत नाही, पुन्हा एक देतो. पाचाला पाच लिहू."

"वारा फिरला नव्हता," मी म्हटलं.

"मग रायफल असेल. जुनी आहे."

"साहेब," मी म्हटलं, "ही रायफल माझ्या बहिणीने तपासली आहे. ती युद्धात सैन्याच्या रायफली पास करायची. हिच्यात आता काही चूक नाही. चार रायफलीच्या नावावर लिहा आणि पाचवी माझ्या."

त्यांनी काय लिहिलं मी पाहिलं नाही. परवाना खिशात आहे. पण खरं सांगू? परवान्याइतकाच मला त्या चुकलेल्या गोळीचा आनंद आहे. जूनमध्ये तीन बाहेर गेल्या तेव्हा मला कळत नव्हतं की मी संपलो का नाही. आंधळ्यासारखं वाटत होतं. ही गोळी बघितली आणि कळलं, ही माझी, नखशिखांत माझी, आणि ती का चुकली तेही मला बरोबर ठाऊक आहे. ना हात कापला, ना डोळा अंधारला. चौथी आत गेलेली पाहिली आणि मी तिथेच, गुडघ्यावर, मनातल्या मनात तुला हे पत्र लिहायला बसलो. चाप ओढला तेव्हा मी "प्रिय ड्रुसी"पर्यंत पोचलो होतो.

तुझा दादा,
हेबर